वाटेवरचा क्लॅम्प

कारखान्यात संगणक नवा नवा आला होता, तेव्हाची गोष्ट. तो आधी घडवायच्या वस्तूचे चित्र काढी, चित्रावरून लोखंड कापणाऱ्या कटरची वाट आखी आणि ती आकड्यांत लिहून यंत्राला देई. यंत्र त्या आकड्यांबाहेर केसभरही जात नसे.

एके सकाळी यंत्रात बसवलेल्या कटरने खाली पाहिले. लोखंडी ठोकळ्याला घट्ट धरून ठेवणारा क्लॅम्प नेमका त्याच्या वाटेत बसला होता. धडकलो तर आपले तुकडेच होणार!

“संगणकदादा, मध्ये क्लॅम्प आहे हो!”

“माझ्या चित्रात तर नाही. भित्रा कुठला!”

“अरे बाबा, आहे मी इथे,” क्लॅम्प खालून म्हणाला. “आणि मी सुटलो तर ठोकळा उडेल.”

“दादा, एकदाच मला वरून हवेत फिरवा. मग हवं तेवढं हसा,” कटर काकुळतीला आला.

संगणकाने कुरकुरत आकडे बदलले आणि वाट वीतभर वर उचलली. पहिल्याच वळणावर कटर सुसाट गेला तो थेट क्लॅम्पच्या डोक्यावरून. क्लॅम्पने डोळे गच्च मिटले.

यंत्र थांबले. कुणीच हसले नाही. मग संगणक हळूच म्हणाला, “क्लॅम्पभाऊ, कुठे बसलायस ते नीट सांग रे. आधी तुला चित्रात घेतो.”