चंद्रीने गिळलेला चेंडू

जनावरं माणसांची कीव करायची, त्या काळातली गोष्ट. यापुढे कुणाकडूनही बांधून घ्यायचं नाही, असं ठरवून चंद्री म्हशीने दावं तोडलं आणि ती थेट गोल्फच्या मैदानात घुसली. एवढं हिरवंगार गवत बघून तिच्या तोंडाला पाणीच सुटलं.

"इथं चरतं तरी कोण?" तिने पाठीवरच्या बगळ्याला विचारलं.

"कोणी नाही, चंद्राबाई. तळ्यात कोणी डुंबत नाही, वाळूत कोणी लोळत नाही. अठरा बिळं आहेत, एकेकावर झेंडा आहे, पण राहत कोणीच नाही."

"मग हा खटाटोप कशासाठी?"

"तो पांढरा चेंडू दिसतो ना? माणसं त्याला काठीने हाणतात, त्याच्या मागे उन्हातान्हात चालतात, बिळात घालतात, लगेच बाहेर काढतात आणि पुढच्या बिळाकडे निघतात. अठरा झाली, की उद्या पुन्हा पहिल्यापासून."

"अगं बाई! कुणी जुंपलंय बिचाऱ्यांना?" चंद्रीला गहिवरून आलं. समोर घरंगळत आलेला चेंडू तिने गपकन गिळला. "जा बाबांनो, सुटलात!"

चेंडूमागून आलेल्या माणसाने कपाळाला हात लावला आणि खिशातून दुसरा चेंडू काढला.

चंद्री तुटकं दावं ओढत गोठ्याकडे वळली.

"मला बांधायला निदान मालकीण तरी लागते," ती बगळ्याला म्हणाली.