सुंदरानं पोर कसं धरलं

“…मग तिला कळलं होतं की नव्हतं, बाबा? हो की नाही, एवढंच सांगा.”

रेवणनाथ बाबांनी चुलीत काटकी सारली.

“कोणाला?”

“सुंदराला. आमच्या चिंपांझिणीला. एवढा वेळ तिचंच तर सांगतोय.”

विचारणारे मोकाशी डॉक्टर संस्थानच्या जुन्या प्राणिसंग्रहालयात जनावरांचे डॉक्टर होते. चिंपांझीच्या डोक्यात काय चालतं हे आपल्याइतकं साऱ्या जिल्ह्यात कोणाला कळत नाही, अशी त्यांची खात्री होती. जिल्ह्यात चिंपांझी दोनच होते, ती गोष्ट वेगळी.

“गेल्या महिन्यात तिचं पोर मेलं,” डॉक्टर म्हणाले. “तरी ती ते घेऊन फिरायची.”

“फिरू द्यायचं.”

“अहो, कोडं तिथंच आहे! जिवंत होतं तेव्हा पोटाशी धरायची, पाठीखाली हात देऊन. मेल्यावर एका हाताला धरून खांद्यावर टाकायची. म्हणजे मेलंय हे तिला कळलं होतं. मग टाकून का दिलं नाही? माशा बसल्या की पानानं हाकलायची. बोटांनी त्याचे केस साफ करत बसायची. म्हणजे कळलं नव्हतं. दोन्ही कसं खरं असेल?”

बाबांनी चुलीत फुंकर घातली.

“पुढे वास सुटला. लोक नाकाला रुमाल लावून तक्रारी करायला लागले. शेवटी मी केळ्यात गुंगीचं औषध घातलं. ती झोपल्यावर पोर काढून घेतलं. तिच्या भल्यासाठीच.”

“उठल्यावर?”

“…पिंजरा धुंडाळला. गवताची काडी न् काडी उचलून पाहिली. मग बसली.”

डॉक्टरांचा आवाज जरा उतरला होता. त्यांनी तो सावरला.

“आता मी केळं दिलं की घेते. सोलते. आणि गजांतून माझ्याकडेच परत करते. मी खाईपर्यंत नजर हटवत नाही. मी खातो. तरी ती खात नाही. एका फटक्यात शिकली, बाबा! पण नुसता सापळा राहिलाय. फार दिवस काढायची नाही.”

“घरी काय?”

“घरचं कुठं आलं मध्येच? मी सुंदराचं…”

“वैशाखात तू न् तुझा भाऊ इथं येऊन गेलात. त्या करंजाखाली.”

बाबांची मठी मसणवाट्याला लागून होती. दात यायच्या आत गेलेली लेकरं गावातले लोक करंजाखाली पुरत. गावात शहाणी माणसं काही थोडी नव्हती. चिंपांझीचं कोडं घेऊन आपण नेमके इथंच का आलो, हे डॉक्टरांनी स्वतःला विचारलं नव्हतं.

“मेलेलाच जन्मला,” ते म्हणाले. “मुलगा होता. सुमती, माझी बायको, इंजेक्शनच्या गुंगीत होती. ती जागी व्हायच्या आत उरकून टाका, असं सगळेच म्हणाले. आईला दाखवत नाहीत. पाहिलं की जीव अडकतो. रीतच आहे ती, बाबा. मी काही वेगळं केलं नाही.”

बाबांनी खांद्यावरची घोंगडी काढली. तिचं लहानसं गाठोडं केलं आणि डॉक्टरांच्या पुढे धरलं.

“सुंदरा मेलेलं कसं धरायची, दाखव.”

एवढ्या शिकल्यासवरल्या माणसाला हा कुठला पोरखेळ करायला लावतात, असं डॉक्टरांच्या मनात आलं. तरी त्यांनी गाठोडं घेतलं. एका टोकाला धरून ते खांद्यावर टाकायला गेले… आणि त्यांचा डावा हात आपोआप वरच्या टोकाखाली गेला. तान्ह्याची मान सावरतात, तसा.

हात काढून घ्यायचा त्यांनी प्रयत्न केला. तो निघेना.

“इथं आणताना असंच धरलं होतंस?”

“…भावानं धरलं होतं.”

“आणि तू?”

“कुदळ.”

“तोंड बघितलंस?”

डॉक्टरांनी नकारार्थी मान हलवली. फडक्याचं टोक बाजूला करायची त्यांची हिंमत झाली नव्हती. आयुष्यभर मेलेली जनावरं चिरून पाहिलेला माणूस तो! त्यांना स्वतःची लाज वाटली.

“सुमती रोज एकच विचारायची,” अखेर ते गाठोड्याकडे बघत म्हणाले. “कसा होता? मी म्हणायचो, छान होता. नाक कोणासारखं? मी म्हणायचो, तुझ्यासारखं. दुसऱ्यांदा विचारलं तेव्हा चुकून माझ्यासारखं म्हणालो…”

“मग?”

“तिनं नुसतं माझ्याकडे पाहिलं. तेव्हापासून काही विचारत नाही. ताट पुढे ठेवलं तर हात लावत नाही. उद्या सकाळी तिचा भाऊ न्यायला येतोय. एकदा माहेरी गेली की ती परत यायची नाही, बाबा. मला ठाऊक आहे.”

बाबांनी चुलीवरचं भांडं उतरवलं.

डॉक्टर उठले. दारापर्यंत गेले. गाठोडं अजून त्यांच्या हातातच होतं. बाबांनीही ते परत मागितलं नाही.

“आजची रात्र आहे माझ्या हातात,” डॉक्टर दारातून म्हणाले. ते आता उघड रडत होते. “काय सांगू तिला? मी तर त्याला पाहिलंच नाही.”

“…मग तिला विचार,” बाबा म्हणाले. “तिनं नऊ महिने आतून बघितलाय.”