सुभगाच्या झाडाची भोकं

एक होतं अरण्य. तिथे निवडणुका वेळच्या वेळी होत आणि दर वेळी अस्वलच निवडून येई, त्यामुळे कुणाचा गोंधळ होत नसे.

अरण्यात विज्ञानाला फार मान. प्रत्येक संशोधकाच्या नावाचं एक झाड होतं. कुणी कुठे त्याच्या निबंधाचा उल्लेख केला की सुतारपक्षी त्या झाडाला एक भोक पाडी. ज्याच्या झाडाला भोकं जास्त, त्याच्या निबंधाप्रमाणे राज्य चालायचं. हा कायदा अस्वलाने केला, कारण सर्वांत जास्त भोकं त्याच्याच झाडाला होती.

अस्वलाचे निबंध एकशे सत्तावीस. पहिला, ‘मध : एक विचार’. दुसरा, ‘मध : एक पुनर्विचार’. प्रत्येक निबंधात आधीच्या सगळ्यांचा उल्लेख असे.

सुभगा नावाच्या पाणमांजरीचा निबंध एक. अकरा वर्षं ती तळ्याकाठी बसून बेडकांच्या पिल्लांच्या पेशी तपासत होती. पेशीच्या आत एक धागा असतो, जीव कसा घडायचा ते त्याच्यावर लिहिलेलं असतं. तळ्याच्या पाण्यात तो धागा तुटतो, एवढंच तिने सिद्ध केलं. तळ्यात तरसाच्या कातडी कारखान्याचा नाला येत होता. कातडी कुणाची, हे विचारायची पद्धत नव्हती. तरस राजाचा, म्हणजे अस्वलाचा, सचिव होता.

सुभगाची दोन पिल्लं डोळे उघडण्याआधीच गेली. तिसरं उरलं होतं आणि त्याला तहान लागायची.

उल्लेख : शून्य

“बाई, अकरा वर्षांत एकच निबंध?” तरसाने विचारलं.

“तळंही एकच आहे, साहेब.”

“महाराजांचे या पावसाळ्यातच चौदा झाले.”

“कशावर?”

“तुम्ही वाचत नाही, हाच तुमचा प्रश्न आहे.”

उल्लेख : तीन

तीन हरणांनी निबंध वाचला, कळपात त्याचं नाव घेतलं आणि तळ्यावर जाणं सोडलं. चौथं न वाचताच थांबलं. मग अस्वलाने सभा घेतली.

“बंधूंनो, भगिनींनो, पिल्लांनो आणि अंड्यांनो. आपल्या तळ्याला नावं ठेवणारे आपले नाहीत. उद्यापासून प्रत्येक कळपाने, प्रत्येक घरट्याने रोज सकाळी या निबंधाचा निषेध करावा. निबंधाचं आणि बाईंचं पूर्ण नाव घेऊन. भलत्याच निबंधाचा निषेध व्हायला नको.”

उल्लेख : नऊ हजार एकशे सात

“अरे, हे निषेध आहेत,” तरस सुतारपक्ष्यावर खेकसला.

“नाव घेतलं की भोक,” चोच पुसत सुतारपक्षी म्हणाला. “कशासाठी घेतलं, तो रकाना तुम्ही ठेवलेला नाही.”

अस्वलाची भोकं आठ हजारांवर अडली होती. म्हणजे कायद्याने आता सुभगाचा निबंध चालायचा. पिल्लाला छातीशी धरून ती दरबारात गेली. “नाला बंद करा,” ती म्हणाली. तिला वाटलं, संपलं.

तरसाने राजपत्र उघडलं. दुपारीच शुद्धिपत्रक निघालं होतं. नजरचुकीने राहून गेलेलं पहिल्या लेखकाचं नाव निबंधात घालण्यात आलं होतं. लेखक : अस्वल आणि इतर.

सुभगाने ते वाचलं. पिल्लू खाली ठेवलं.

“ठीक आहे,” ती म्हणाली. “नाव तुमचं. नाला बंद करा.”

“बाई, शोध महाराजांचा आहे. त्याचं काय करायचं, ते महाराज ठरवतील.”

उल्लेख : मोजणे थांबवले

महाराजांनी ठरवलं. विषारी असल्याचं शास्त्रशुद्ध सिद्ध झालेलं हे जगातलं पहिलं तळं, हा अभिमानाचा क्षण होता. तळ्याकाठी संशोधनभवन उठलं. नाल्याला फरशी बसली, रुंदी दुप्पट झाली. निषेधाचा आदेश कुणी मागे घेतला नव्हता, म्हणून कळप सकाळी निबंध खोटा म्हणत आणि दुपारी निबंधाच्या सत्काराला टाळ्या वाजवत. दोन्हीची भोकं अस्वलाच्याच झाडाला पडत.

उद्घाटनाला शेजारच्या अरण्यांतून पाहुणे आले. पिल्लाने तळ्याचं पाणी पिऊ नये म्हणून सुभगा त्याचं तोंड पंज्याने मिटून मागे उभी होती. मंचाजवळ झाकलेले माठ दिसले तशी ती पुढे सरकली.

“हे कुठलं पाणी?”

“डोंगरापलीकडून मागवलंय,” तरस म्हणाला. “पाहुण्यांसाठी आणि मंत्रिमंडळासाठी.”

“एक ओंजळ द्या. याच्यापुरती.”

तरसाने माठावरचं झाकण नीट बसवलं.

“असं कसं, बाई. तळ्यातलं अख्खं पाणी जनतेसाठी राखीव ठेवलंय.”