गेरूखालची ओल

फार जुन्या काळची गोष्ट. डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होतं आणि त्या गावात भानजी नावाचा कासार राहत होता. बांगड्या भरणारा कासार म्हणजे लेकीसुनांना माहेरचा माणूस. भानजी कोणत्याही अंगणात जाऊन बसला, तरी त्याला पाणी विचारलं जाई. त्याच्या शब्दावर कधी कोणी शंका घेतली नव्हती.

भानजीची एकुलती एक लेक नदीपलीकडे, दूरच्या नगरात दिलेली होती. त्या वर्षी तिचा नवरा तापाने गेला. पदरात दोन लहान लेकरं. तिने निरोप धाडला, "आईबाबा, पाऊस सुरू होण्याआधी इकडे या. नदीला पूर आला की नाव बंद होते. मी एकटी आहे."

भानजीने आणि त्याची बायको सगुणा हिने घर विकायचं ठरवलं.

घर मजबूत होतं. खाली मोठं दगडी तळघरही होतं. पण तळघराची एक भिंत डोंगराला टेकलेली होती. पावसात डोंगराचं पाणी तिच्यातून झिरपायचं. भिंतीवर पिवळे, काळपट ओघळ उमटले होते आणि जागोजागी खार फुटून गिलावा भुसभुशीत झाला होता.

सगुणा म्हणाली, "अहो, डोंगराच्या अंगाला चर खणून पाणी बाजूला काढायला हवं. नाहीतर ही भिंत कधीच सुकायची नाही."

"चर खणायला माणसं लागतील, दिवस लागतील," भानजी म्हणाला. "आपल्याकडे दोन्ही नाही. रंग देऊ. घेणाऱ्याला भिंत दिसते, भिंतीमागचं दिसत नाही."

त्याने खुरप्याने खार खरवडला आणि वर चुना फासला. भिंत पांढरीशुभ्र झाली. दुसऱ्या दिवशी दिवा घेऊन खाली उतरला, तर चुन्यातून तेच पिवळे ओघळ वर आले होते. त्याने पुन्हा चुन्याचा हात दिला. ओघळ पुन्हा आले. मग त्याने पिठाच्या खळीत गेरू कालवला आणि सगळी भिंत तांबडी करून टाकली. तांबड्यात पिवळं दिसेनासं झालं. ओल आटावी म्हणून शेगड्या पेटवून ठेवल्या. कुबट वास मरावा म्हणून ऊद जाळला.

वर आला तेव्हा त्याचे हात कोपरापर्यंत तांबडे झाले होते. सगुणाने हातावर पाणी घातलं.

घर बघायला वरच्या वाडीची गिरजामाय आली. वाडीतल्या सगळ्यांचं बियाणं सांभाळायचं काम तिच्याकडे होतं. वाडीचं कोठार वणव्यात जळालं होतं. बियाणं तेवढं लोकांनी जिवावर उदार होऊन बाहेर काढलं होतं. ते ठेवायला आता वाडीला पक्कं दगडी तळघर हवं होतं.

हे ऐकलं आणि भानजी तळघराच्या दाराशीच थबकला.

गिरजामाय काठी टेकत पायऱ्या उतरली. तिने दिवा उंच धरला. मग डोंगराकडच्या भिंतीवर तळवा टेकवला आणि तसाच ठेवला. तिने हात काढून बघितला. तळवा कोरडा होता.

"ऊद कशाला जाळलास?" तिने विचारलं.

"घर सोडायचं, माय. वास्तूला धूप दाखवला."

गिरजामायने मान हलवली. मग त्याच्याकडे वळून म्हणाली, "भानजी, मी डोळ्यांनी अधू आहे. तू सांगशील ते मी धरून चालते. इथे पाणी शिरतं का?"

पायरीवर सगुणा उभी होती. ती जमिनीकडे बघत होती.

"नाही," भानजी म्हणाला.

सौदा ठरला आणि त्याच आठवड्यात वाडीच्या लोकांनी बियाण्याच्या कणग्या तळघरात आणून लावल्या. ज्वारी, बाजरी, तूर, नाचणी. बायकांनी वर कडुलिंबाचा पाला पसरला. गिरजामायने दाराला कुलूप घातलं. भानजीने गाडीत संसार भरला आणि नवराबायको निघाली.

नदीवर पोचली तेव्हा नाव लागलेलीच होती. नावाड्याने बोचकी चढवायला घेतली. तेवढ्यात पाठीमागे डोंगरावर आभाळ गडगडलं. भानजीने वळून पाहिलं. गावाच्या डोक्यावर वळवाचे काळेभोर ढग उतरले होते आणि डोंगराचा माथा पावसात दिसेनासा झाला होता.

"बसा लवकर," नावाडी म्हणाला.

सगुणा काठावरच उभी राहिली. "तुम्ही जा," ती नवऱ्याला म्हणाली. "लेकीला सांगा, आई मागून येते. मी गिरजामायला सांगून येते."

"काय सांगणार तू?"

"तुम्ही जे सांगितलं नाहीत ते."

भानजी पाण्याकडे बघत राहिला. पलीकडच्या काठावर लेकीची वाट होती. अलीकडे तो पाऊस. लेकीपुढे तोंड घेऊन उभं राहायचं, तर कोणतं तोंड न्यायचं, हे त्याला कळेना. त्याने नावेतलं बोचकं उचलून परत गाडीत टाकलं आणि बैल वळवले.

गाव गाठेपर्यंत रस्त्याचा ओढा झाला होता. चाकं रुतली, तशी गाडी सोडून दोघं पायीच निघाली. तळघराला कुलूप आणि किल्ली वरच्या वाडीत. भानजी निसरड्या वाटेने पडत, उठत वर चढला. गिरजामायच्या दारात पोचला तेव्हा त्याच्या गुडघ्यातून रक्त येत होतं.

"माय," तो म्हणाला, "भिंतीतून पाणी येतं. मला माहीत होतं. मी गेरू लावून झाकलं."

गिरजामाय त्याच्याकडे बघत राहिली. ती रागावली असती, तर भानजीला बरं वाटलं असतं. तिने कमरेची किल्ली काढली आणि वाडीला हाक दिली.

दार उघडलं. आत गेरूचे पापुद्रे सुटून खाली लोंबत होते आणि उघड्या पडलेल्या भिंतीतून पाण्याच्या धारा लागल्या होत्या. गुडघाभर पाणी तुंबलं होतं. माणसांनी पायऱ्यांवर रांग धरली. टोपल्या हातोहात वर जाऊ लागल्या. भानजी भिंतीला लागून, सगळ्यांत पुढे पाण्यात उभा होता. एकदा गिलाव्याचा मोठा पोपडा त्याच्या खांद्यावर कोसळला. कोणी "लागलं का?" असं विचारलं नाही. त्यानेही हात थांबवला नाही.

ज्वारी वाचली, बाजरीही बरीचशी वाचली. तूर आणि नाचणी तळाशी होती. ती भिजून फुगली.

पाऊस ओसरल्यावर भानजी गिरजामायपुढे हात जोडून उभा राहिला. "घराचा मोबदला परत घ्या," तो म्हणाला.

"तो वाडीचाच आहे, देऊन टाक," ती म्हणाली. "पण भरपाई त्याने व्हायची नाही. ज्यांचं बियाणं गेलं, त्यांच्या दारात जा. यंदा त्यांच्या शेतात पेरणी का होणार नाही, हे त्यांना तू सांग. मी सांगणार नाही."

भानजी गेला. ज्या दारांत तो इतकी वर्षं बांगड्यांची पेटी घेऊन बसला होता, त्याच दारांत उभा राहून त्याने आपलं खोटं सांगितलं. काहींनी ऐकून घेतलं. काहींनी दार लावून घेतलं. एका सुनेने त्यानेच भरलेल्या बांगड्या हातातून उतरवून त्याच्यापुढे ठेवल्या.

मग त्याने कुदळ घेतली आणि डोंगराच्या अंगाला चर खणायला लागला. सगुणा माती उपसू लागली. काम पुरं होईतो नदीला पूर आला आणि नाव बंद झाली. घाईने लेकीकडे निघालेल्या भानजीला अख्खा पावसाळा अलीकडेच काढावा लागला. लेकीने ते दिवस दोन लेकरांना घेऊन एकटीने काढले.

पूर उतरल्यावर नवराबायको पुन्हा नदीकडे निघाली. वाटेत दोन्हीकडे पिकं वाऱ्यावर डोलत होती. मधूनच एखादं शेत उघडं, काळं पडलेलं होतं. भानजी प्रत्येक उघड्या शेतापाशी थांबला, खाली मान घालून उभा राहिला आणि मग पुढे चालू लागला.

तात्पर्य: खोट्या रंगाने डाग झाकला, तरी पाणी थांबत नाही, आणि ज्याने आपल्यावर विश्वास ठेवला, त्याचंच धान्य आधी भिजतं.