डमरूवरची शर्यत

“ही शर्यत आहे की थट्टा?” निंबोणी संस्थानचे समशेरराजे मांडवातल्या खुर्चीवरून ताडकन उठले. “सगळ्यात बाहेरची ती पोरगी तर पंधरा पावलं पुढंच उभी! कुणाची भाची लागते ती?”

शाळेच्या क्रीडामहोत्सवाला एकच दिवस उरला होता आणि मैदानावर सराव चालला होता. गोल मैदानात फक्कीनं सहा वाटा आखल्या होत्या. हरबा मास्तरांनी हात जोडले.

“सरकार, कुणाची भाची नाही ती. आतली वाट आखूड पडते, बाहेरची लांब. म्हणून बाहेरच्याला थोडं पुढं उभं करायचं. मग सगळ्यांचं अंतर सारखं!”

“आम्हाला गणित शिकवू नका! सगळी पोरं एकाच रेघेवर उभी राहतील, आपापल्या वाटेनं धावतील आणि त्याच रेघेवर परत येतील. कुणाला बोटभरसुद्धा जास्त धावावं लागता कामा नये!”

“मग सरळ जाऊन, खांबाला हात लावून माघारी...”

“माघारी? आमच्या घराण्यात कुणी पाठ फिरवून पळालेलं नाही! उद्या सकाळी आम्ही म्हणतो तशी शर्यत दिसली नाही, तर इथं आमच्या घोड्यांची पागा होईल. शाळेनं दुसरीकडं जागा बघावी!”

राजे गेले. मास्तर मटकन खालीच बसले. महिनाभर पोरं पहाटे उठून पळत होती, आणि आता शाळाच उठायची वेळ आली! मास्तरांनी तिथल्या तिथं गणपतीला एकवीस मोदक बोलले, मारुतीला अकरा नारळ बोलले आणि महादेवाला सोळा सोमवार.

“मास्तर, एवढ्या देवांना एकदम कशाला कामाला लावता?” भिवराबाई फक्कीची पाटी खाली ठेवत म्हणाली. ही शाळेत पाणी भरायची, घंटा द्यायची, मैदानावर रेघा आखायची. साळ्याची लेक, सुताच्या गुंत्यातच लहानाची मोठी झालेली. “मला दोन खुंट्या द्या, एक दोरी द्या आणि जुन्या रेघा पुसायला पोरं द्या.”

“अगं पण होईल का उद्यापर्यंत?”

“दिवेलागणीच्या आत होईल! आज सोमवार, उपास आहे माझा. उपासाला डोकं कसं पिसासारखं हलकं असतं!”

दुसऱ्या दिवशी राजे आले आणि बघतच राहिले. मैदानावर पांढराशुभ्र, भलामोठा डमरू उमटला होता! दोन गोल शेजारी शेजारी. सहाही वाटा एका गोलाला वळसा घालून मधल्या चौकात येत होत्या आणि तिथून तिढा घेऊन दुसऱ्या गोलाकडं वळत होत्या.

“हे काय?”

“आपलीच आज्ञा, सरकार,” भिवराबाईनं पदर सावरला. “आम्ही साळी अंगठ्याला आणि करंगळीला तिढा देऊन सूत गुंडाळतो, तशी ही वाट. पहिल्या गोलात जो आतल्या बाजूला, तोच दुसऱ्या गोलात बाहेरच्या बाजूला. इकडं वाचलेली पावलं तिकडं पुरी होतात. रेघ एकच, आणि माघारी वळणं नाही!”

“आणि मधल्या चौकात टक्कर झाली म्हणजे?”

“कशी होईल? पहिला गडी तिथं परत येईपर्यंत शेवटचासुद्धा तिथून कधीच निघून गेलेला असतो. नसला गेला, तर तो शर्यतीला नव्हे, वरातीला आलाय म्हणायचं!”

पोरं खिदळली. तेवढ्यात राजपुरोहित बाळंभट पुढं सरसावले.

“सरकार, घात! एक गोल उजवा आणि दुसरा डावा! ही तर उलटी प्रदक्षिणा! महाअशुभ!”

“भटजीबुवा,” भिवराबाई गोड आवाजात म्हणाली, “कालच महादेवाच्या देवळात तुम्ही गोमुखापर्यंत गेलात आणि न ओलांडता उलटे फिरलात. मी मागंच होते की! देवाला चालतं ते पोरांना चालेल. आणि डमरू तरी कुणाचा हो?”

बाळंभट उपरणं झटकत मागं सरले.

“बोलण्यात हरायची नाही ही!” राजे म्हणाले. “सहा रिळं आणा. प्रत्येक वाटेवर सूत अंथरा, रेघेवर तोडा आणि मापा!”

पाच वाटांवर पाच शिपाई गेले. सहाव्या वाटेला माणूस कमी पडला, म्हणून खुद्द दिवाणजी निघाले, घाम पुसत, हाश्शहुश्श करत. सुतं तुटली, शेजारी शेजारी ताणली गेली. पाच अगदी बरोबर! आणि सहावं?

सहावं अडीच हात जास्त!

मास्तरांनी डोळे मिटले. राजांनी पागेच्या कारभाऱ्याला बोलवायला हात वर केला.

“थांबा सरकार!” भिवराबाई ओरडली. “ते अडीच हात वाटेचे नाहीत!”

“मग कुणाचे?”

“दिवाणजींचे! रेघेवर आल्यावर त्यांना वाकवेना. म्हणून त्यांनी सुताचा एक वेढा पोटाला घेतला आणि वरच्या वर तोडलं. खोटं असेल तर मापून बघा!”

दिवाणजी लालबुंद. “सरकार, मापायचं तर मैदान मापा, पोट कशाला?”

“मापा!”

शिपायानं सूत गुंडाळलं. बरोबर अडीच हात! ना बोटभर कमी, ना बोटभर जास्त!

राजे असे हसले, असे हसले की पगडी घरंगळून मांडीवर आली. ते हसले तसे शिपाई हसले, बाळंभट हसले, शेवटी पोट धरून दिवाणजीही हसले.

“भिवराबाई, हे मैदान आजपासून शाळेचं! तसा ताम्रपटच करून देतो. तुला जरीचं लुगडं, वर ही घे चांदीची शिट्टी. आणि मास्तर, तुमचा नवस आलाय आमच्या कानावर, मोदकांचं गूळ-खोबरं आमच्या कोठारातून!”

भिवराबाईनं शिट्टी कपाळाला लावली, एकदा आकाशाकडं पाहिलं आणि अशी जोरात फुंकली की सहा पोरं एका रेघेवरून बाणासारखी सुटली!