दोन वाजताचा आकडा

न्हाई हिंदुराव, तुझं बोलनं मला पटलेलं न्हाई. काल डेअरीवर धा मानसांत तू म्हनलास, सरकारी खाती म्हंजे चार तोंडं चार दिशेला, पूर आला की एकाला दुसऱ्याचा पत्ता नसतो. मी तोंड उघडलं तर तू किटली उचलून घरी गेलास. भांडान अर्धं राहिलं. आता तू हितं न्हाईस, तर जी मानसं बसल्यात त्यांनी ऐका आन् जाऊन त्याला सांगा.

एकदा एक म्हातारा पुलावर बसून नदीचं पानी मोजायचा. पाटबंधारे खात्याचा मानूस. पुलाच्या खांबावर फूट-इंचाच्या रेघा हायत, त्या वाचायच्या आन् पुरात दर तासाला फोन करून आकडा सांगायचा, एवढंच काम. तीस वर्षं केलं त्यानं. त्याच्या हाताखाली शिकायला महिपती आला. आमच्याच कुंभारवाडीचा. अंगानं दांडगा, डोक्यानं माझ्यासारखा, लगेच पेटनारा.

त्या साली पानी वाडीत शिरायच्या आदल्या दिवशीच सगळी मानसं शाळेत हलवली. महिपतीची बायको तेवढी राहिली. बाळंत हून चार दिवस झालेले, टाके ओले. तिला ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत घालायला सासू तयार हुईना. "एवढं पानी कधी आलंय का आपल्या दारात," म्हनली. सकाळी उठून बघत्यात तर चूल पान्यात. दोघी तान्हं लेकरू घेऊन कशाबशा माळ्यावर चढल्या. महिपती पुलावर अडकलेला, मधली वाट बुडालेली.

एक वाजता त्यानं आकडा सांगितला. एक्केचाळीस फूट तीन इंच. दोनला बघितलं, एक्केचाळीस तीनच. ऊन पडलेलं. पानी तितकंच हाय तर काय सांगायचं, म्हनून त्यानं फोन केलाच न्हाई. मोबाईल काढून घरी लावत बसला. लागंना. परत लावला. लागंना.

म्हातारा भाकरी खाऊन आला. "दोनचा आकडा दिलास?"

"तितकंच हाय आबा. त्यात काय द्यायचंय?"

तेवढ्यात त्याचा फोन लागला. पलीकडनं बायकोचा आवाज आला, "अवं, ऐकताय का..." आन् म्हाताऱ्यानं मोबाईल त्याच्या हातातनं हिसकून घेतला, तिचा फोन तोडला आन् वरच्या धरनाला लावला.

"दोनचा आकडा. एक्केचाळीस तीन. तितकंच. बारा मिनटं उशीर झाला, चूक आमची."

महिपती अंगावर गेला. "माझी बायको पान्यात हाय आन् तुम्ही तितकंच तितकंच करत बसलाय? मी चाललो पोहत."

"जा की. मग तुला शोधायला आनि एक बोट काढाय लागंल. बस खाली, ऐक नुसतं." म्हाताऱ्यानं स्पीकर चालू केला.

धरनावरचा साहेब म्हनाला, "तितकंच आहे ना? चढलं असतं तर दोन दारं खाली घेणार होतो. आता आहेत तशी ठेवतो."

मग खालचं धरन. ते दुसऱ्या राज्यात. तिथला मानूस अडखळत मराठी बोलला, "तुमच्याकडे पाणी तुंबू नये म्हणून आम्ही काल दुपारपासून जास्त सोडलं आहे आबा. तुमचं पाणी थांबलं, चांगलं झालं."

मग कलेक्टर कचेरीतल्या बाई. "अहो आबा, कुठं होता? दोनचा आकडा आला नाही म्हणून बोट धरून ठेवलीय मी. बोट एक, जागा दोन. चढतं असतं तर आधी नदीकाठच्या मळीतली सत्तर माणसं काढायची होती. थांबलंय तर आधी कुंभारवाडी. बाळंतीण आहे तिथं, आशाताईंनी नाव दिलंय." फोन चालूच. बाई दुसऱ्या फोनवर वायरमनला म्हनल्या, "कुंभारवाडीची लाईन पाडा. पडली का? नक्की?" मग, "बोट सोडा. दवाखान्याची गाडी वरच्या रस्त्याला उभी करा."

महिपती खाली बसला.

म्हातारा हळू आवाजात बोलला. "बाबा, ह्यातल्या एकालाबी ही नदी दिसत न्हाई. एकाकडं दारं हायत, एकाकडं बोट, एकाकडं विजेचा खटका. डोळा तेवढा तुझ्याकडं दिलाय. तितकंच हाय ही बी खबर असती. तू बोलला न्हाईस तर त्यांनी काय समजायचं, पानी थांबलं का तूच वाहून गेलास? सगळी हात वर धरून उभी राहिली. तुझी बायको बारा मिनटं जास्त माळ्यावर बसली, ती नदीपायी न्हाई."

तीनला पाच मिनटं कमी असतानाच महिपती खांबाकडं बघत उभा राहिला.

ती बोट मी चालवत व्हतो, म्हनून सांगतोय. ओढ्याच्या खोलात विजेच्या तारा माझ्या डोक्याला लागत व्हत्या. हातानं वर उचलून खालनं गेलो. इंजान बंद केलं तर नुसती शांतता, सगळं शिवार पान्याखाली. तवा अंगावर काटा आला. मी ज्याचं तोंड कधी बघितलं न्हाई त्या मानसानं कुठंतरी खटका पाडला, म्हनून ह्या तारा मेल्यात. ज्यांची भाषा मला कळत न्हाई त्यांनी दारं उचलली, म्हनून हे पानी थांबलंय. एवढी मानसं, एवढ्या लांबनं, ह्या एका माळ्याकडं हात करून उभी. सासूनं कौलं काढून लेकरू माझ्या हातात दिलं तवा ते झोपलेलं व्हतं. देवळात बी मी असा गप्प झालेलो न्हाई.

आता तुमचं. बुधवारी धाला तलाठी, ग्रामसेवक, वायरमन आन् आशाताई पंचायतीत बसनार हायत, पुराची यादी करायला. गेल्या साली अख्ख्या गावातनं सात जन आले. तुमच्या घरात आंथरुनावर कोन हाय, पोटुशी कोन हाय, कुनाला ऐकू येत न्हाई, हे त्यांना तिथं बसून दिसनार हाय का? बुधवारी या आन् नाव लिहून जावा.