उमीचं गच्च जाळं

माणसांनी घड्याळ शोधून काढलं त्याच्याही आधी एका बोरीवर कोळ्यांचं कॉलेज भरायचं. शेवटच्या वर्षाला परीक्षा एकच. सोमवारी जाळं विणायला घ्यायचं, रविवारी कॉलेजातल्या सगळ्यांत थोरल्या कोळीण भागाबाई ते तपासणार.

उमी कोळिणीने आठवड्याचं वेळापत्रक केलं. पहाटे विणायचं, दुपारी विणायचं, जेवताजेवता मागचं तपासायचं. झोपेला जेमतेम घटकाभर. जाळ्यात भोक दिसलं की तिला वाटायचं, 'इथूनच माशी निसटली तर? नापास झाले तर?' लगेच ती ते बुजवायची.

"अगं, थोडी जागा मोकळी सोड की," शेजारच्या फांदीवरचा नाम्या म्हणाला.

"मोकळी सोडायला वेळ कुठाय मला?" उमी खेकसली.

शनिवारपर्यंत जाळं कापडासारखं गच्च झालं. रविवारी सकाळी वारा सुटला. नाम्याच्या जाळ्यातून तो आरपार निघून गेला. उमीचं जाळं मात्र फुगलं आणि टर्रकन फाटलं.

भागाबाईंनी चिंध्या पाहिल्या. "आणखी एक आठवडा देते," एवढंच म्हणाल्या.

सोमवारी उमीने एक धागा ओढला. थोडं अंतर सोडून दुसरा ओढला. मधली रिकामी जागा बघून तिचे पाय शिवशिवायला लागले. तिने पुढचे दोन पाय पोटाशी घट्ट धरले आणि ती वाऱ्याची वाट बघत बसली.